नगराचे अग्रक्रम कसे ठरतात : रायपूरच्या पुरानी बस्तीवरून एक अभ्यास

छत्तीसगढची राजधानी असलेल्या रायपूर शहराच्या सर्वांत जुन्या भागाला पुरानी बस्ती असे नाव आहे. महामाया देवीचे मंदिर, जैतूसाव मठ, टुरी हटरीचा जुना बाजार आणि जवळच असलेला दूधाधारी मठ ही या भागाची परिचित स्थाने होत. बूढा तालाब, महाराजबंध तालाब, खो-खो तालाब अशी अनेक तळी याच परिसरात किंवा त्याच्या आसपास आहेत. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना टेकलेली आणि रस्त्याच्या कडेने जाणारे गटार व घरोघर पाणी नेणारा नळ यांच्यामध्ये अंतर फार थोडे, असे येथील सर्वसाधारण दृश्य आहे.

अशा वस्तीत सुधारणेची कामे नेहमीच पुष्कळ असतात. गटार बांधावयाचे, जुने नळ बदलावयाचे, तळ्यातील गाळ काढावयाचा, दिवे लावावयाचे, शाळेचे छप्पर दुरुस्त करावयाचे. यांतील एकही काम अनावश्यक नाही. परंतु एका वर्षात सर्वच कामे होणे शक्य नसते. म्हणून कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे कोणाला तरी ठरवावे लागते. हा निर्णय कोण घेतो, कोणत्या क्रमाने घेतो आणि त्याच्या हाती प्रत्यक्षात किती स्वातंत्र्य असते, हे समजून घेणे हा या प्रकरणाचा विषय आहे.

१. पूर्वपीठिका

नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याने १७४१ मध्ये छत्तीसगढात प्रवेश केला. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. त्यांच्या मृत्यूनंतर नागपूरहून नेमलेले सुभेदार कारभार पाहू लागले. त्यांपैकी विठ्ठल दिनकर यांच्या काळात परगणा पद्धती सुरू झाली. परगण्याचा प्रमुख कमाविसदार, हिशेब ठेवणारा फडणवीस आणि गावोगावच्या आकारणीच्या नोंदी ठेवणारा बरारपांडे, अशी ही रचना होती. मराठी वाचकाला ही नावे ओळखीची वाटतील. या व्यवस्थेत वसुली स्थानिक पातळीवर होत असे. वसूल झालेल्या पैशाचे काय करावयाचे, हे मात्र मुख्यतः नागपूरला ठरत असे.

१८१८ नंतर इंग्रज अधीक्षकाच्या देखरेखीचा काळ आला आणि कर्नल ॲग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले. १८३० मध्ये कारभार पुन्हा भोसल्यांकडे गेला व १८५४ मध्ये हा प्रदेश इंग्रजी राज्यात विलीन झाला. १८६७ मध्ये रायपूरला नगरपालिका स्थापन झाली. खारून नदीचे पाणी शहरात आणणारी योजना १८९२ मध्ये पुरी झाली. तिच्या खर्चात राजनांदगावचे राजे बलरामदास यांचा मोठा वाटा असल्यामुळे ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. शहराचे एवढे मोठे काम नगरपालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नावर झाले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९०१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे ३२ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती १० लाखांवर गेलेली दिसते. १९६७ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि २००० साली छत्तीसगढ राज्य निर्माण होताच रायपूर हे राजधानीचे शहर बनले.

२. जिल्हा मंडळाचा धडा

शहराबाहेरच्या भागासाठी जिल्हा मंडळ, म्हणजे डिस्ट्रिक्ट कौन्सिल, ही वेगळी संस्था होती. इंग्लंड-अमेरिकेत काउंटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शासनसंस्थेच्या जवळ जाणारी संस्था म्हणून तिच्याकडे बोट दाखविता येईल. १९२७ पासून सुमारे दहा वर्षे पंडित रविशंकर शुक्ल हे रायपूर जिल्हा मंडळाचे अध्यक्ष होते. रस्ते, दवाखाने, बाजार, कोंडवाडे आणि प्राथमिक शाळा अशी अनेक खाती मंडळाकडे होती. या सर्वांत शुक्ल यांनी शाळा व शिक्षक यांना अग्रस्थान दिले. शाळांतून राष्ट्रगीताचा व राष्ट्रध्वजाचा परिचय होऊ लागला आणि शिक्षकवर्गासाठी ‘उत्थान’ नावाचे मासिकही निघाले.

यातून एक तत्त्व स्पष्ट होते. अग्रक्रम ठरविणे म्हणजे कामांची लांब यादी करणे नव्हे. यादीतील प्रत्येक कामाला थोडे थोडे वाटून दिले, तर एकही काम पुरे होत नाही. हाती असलेल्या मर्यादित साधनांनी कोणत्या एका दिशेला अधिक जोर द्यावयाचा, हे ठरविणे हाच अग्रक्रमाचा अर्थ आहे. मात्र असा जोर एका बाजूला दिला की दुसऱ्या बाजूला काहीतरी उणे पडते, आणि त्याचे उत्तर लोकांना द्यावे लागते.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत व वऱ्हाडात १९४८ च्या कायद्याने जनपद सभा स्थापन झाल्या. जिल्ह्याऐवजी तहसिलीच्या आकाराचे क्षेत्र घ्यावे आणि लोकांच्या जवळ कारभार आणावा, हा त्यामागील हेतू होता. त्या काळचे मंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या नावाशी ही योजना जोडली जाते. महाराष्ट्राने पुढे १९६२ मध्ये जिल्हा परिषदांची वाट धरली. निर्णयाचे ठिकाण लोकांपासून किती दूर असावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीने अशा रीतीने नव्याने हाताळलेला आहे.

३. आजची रचना

१९९२ साली संमत झालेली राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने नगरसंस्थांना घटनात्मक स्थान दिले, दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषयांची यादी दिली. तथापि, या विषयांपैकी कोणते व किती अधिकारांसह नगरसंस्थेला द्यावेत, हे राज्य विधानमंडळावर सोपविण्यात आले. स्थानिक शासन हा विषय राज्यसूचीत आहे. अमेरिकेतही हाच प्रश्न जुना आहे. नगरसंस्था राज्याच्या कायद्यातून जन्मते व राज्याने दिले तेवढेच अधिकार तिला असतात, असे आयोवा राज्यातील न्यायाधीश डिलन यांनी १८६८ मध्ये प्रतिपादन केले आणि तो नियम पुढे त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाला.

रायपूर महानगरपालिकेचा कारभार मध्य प्रदेशात १९५६ साली झालेल्या आणि पुढे छत्तीसगढने स्वीकारलेल्या महानगरपालिका अधिनियमानुसार चालतो. शहराचे ७० प्रभाग असून त्यांची विभागणी १० झोनमध्ये केलेली आहे. प्रत्येक प्रभागातून एक नगरसेवक निवडून येतो. तेथील भाषेत त्यास पार्षद म्हणतात. महापौराच्या निवडीची पद्धत मात्र बदलत आली आहे. २०१९ च्या निवडणुकीनंतर महापौराची निवड नगरसेवकांनी केली. २०२५ मध्ये ती पुन्हा थेट मतदारांकडून झाली.

महाराष्ट्रातील वाचकाने येथे एक भेद लक्षात घ्यावा. मुंबई किंवा पुणे येथे महापौर हा सभेचा अध्यक्ष असतो आणि आर्थिक बाबतीत स्थायी समितीला मोठे महत्त्व असते. रायपूरमध्ये सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान सभापतीकडे असते, तर महापौर हा महापौर परिषदेचा प्रमुख असतो. या परिषदेतील सदस्यांकडे बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य, महसूल, विद्युत इत्यादी खाती वाटून दिलेली असतात. एका अर्थाने हे लहानसे मंत्रिमंडळच होय. आयुक्त मात्र दोन्हीकडे राज्य शासनाने नेमलेला अधिकारी असतो.

४. एका गटाराचा प्रवास

ही यंत्रणा कशी चालते हे समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. पुरानी बस्तीतील एका गल्लीत आषाढातील पहिल्या मोठ्या पावसात गटार तुंबते आणि पाणी घरांत शिरते. रहिवासी नगरसेवकाकडे जातात. नगरसेवक झोन कार्यालयाला पत्र देतो. कनिष्ठ अभियंता जागेची पाहणी करून खर्चाचा अंदाज तयार करतो. इतके होईपर्यंत पावसाळा संपत येतो आणि तक्रारीची धार बोथट होते. येथेच पहिली गाळणी लागते. ज्या गल्लीतील माणसे पाणी ओसरल्यावरही पाठपुरावा करीत राहतात, तिचे काम कागदावर टिकते.

थंडीच्या दिवसांत पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकाची तयारी सुरू होते. झोन कार्यालये आपापल्या मागण्या वर पाठवितात व खात्यांचे प्रमुख त्या एकत्र करतात. चालू वर्षाचे सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचे नवे अंदाज शेजारी शेजारी मांडले जातात. आयुक्ताच्या देखरेखीखाली तयार झालेला हा मसुदा महापौर परिषदेपुढे जातो. परिषद त्यात फेरफार करते आणि मार्चअखेरपूर्वी महापौर तो सर्वसाधारण सभेत मांडतात. सभेत चर्चा होते, सूचना येतात आणि अंदाजपत्रक संमत होते. अंदाजपत्रकात नाव आले म्हणजे काम झाले, असे मात्र नव्हे. त्यानंतर तांत्रिक मंजुरी, निविदा व कार्यादेश हे टप्पे शिल्लक असतात. एखादे काम सलग दोन-तीन अंदाजपत्रकांतून दिसत राहते, याचे कारण बहुधा येथे सापडते.

या प्रवासात शेकडो गटारे एकमेकांशी स्पर्धा करीत असतात. प्रत्येक नगरसेवकाला आपल्या प्रभागासाठी ठरावीक निधी मिळतो. त्यातून लहान कामे उरकता येतात. परंतु ज्या गटाराचे पाणी तीन प्रभाग ओलांडून मोठ्या नाल्याला मिळते, ते कोणा एका नगरसेवकाचे नसते. पाण्याचा उतार प्रभागाची सीमा ओळखत नाही. म्हणून प्रभागवार वाटणी न्याय्य दिसली तरी शहराचा मूळ प्रश्न तिच्यातून निसटतो.

५. पैशाचे तीन भाग

अंदाजपत्रकाचा एकूण आकडा मोठा दिसतो. त्यातील किती रकमेबाबत सभेला खरोखर निवड करता येते, हे पाहिले पाहिजे. केवळ समजण्यासाठी असे धरू की नगराकडे शंभर रुपये आहेत. त्यांतील साठ रुपये वेतन, निवृत्तिवेतन, दिव्यांची वीज, पाणी उपसण्याचा खर्च आणि कर्जफेड यांत जातात. हा खर्च टाळता येत नाही. आणखी पंचवीस रुपये केंद्र किंवा राज्य शासनाच्या अनुदानातून आलेले असून ते ठरवून दिलेल्या कामावरच खर्च करावयाचे असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांवरील वस्तीच्या नागरी समूहांना दिलेले अनुदान असेच होते. ते पिण्याचे पाणी, घनकचरा आणि हवेची शुद्धता यांच्याशी बांधलेले होते. उरलेल्या पंधरा रुपयांवरच सभेतील सारा वाद चालतो.

हे पंधरा रुपये वाढवावयाचे तर स्वतःचे उत्पन्न वाढविले पाहिजे. मालमत्ता कर, समेकित कर आणि पाणीपट्टी ही त्याची मुख्य साधने होत. एकेकाळी जकात हे नगरसंस्थांचे मोठे उत्पन्न होते. मध्य प्रदेशात १९७६ मध्ये जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात राज्याकडून भरपाईची रक्कम मिळू लागली. जकात नगराच्या नाक्यावर गोळा होत असे, तर भरपाई राज्याच्या तिजोरीतून येते. व्यापारवाढीबरोबर आपोआप वाढणारे उत्पन्न जाऊन त्या जागी मागून घ्यावयाची रक्कम आली. नगराच्या स्वायत्ततेवर या एका बदलाचा परिणाम किती दूरवर झाला, हे सहज ध्यानात येईल.

६. नियम आणि मागण्या

वार्षिक धोरणाचा दुसरा भाग पैशाचा नसून नियमांचा असतो. महानगरपालिकेला उपविधी करता येतात. परंतु त्यांना राज्य शासनाची संमती लागते. बाजार, कचरा, जाहिरातींचे फलक, पाण्याची जोडणी असे विषय त्यांत येतात. ज्या गोष्टी उपविधीने साधत नाहीत, त्यांसाठी मूळ कायद्यात किंवा शासनाच्या आदेशात बदल मागावा लागतो. अमेरिकेतील अनेक काउंट्या दरवर्षी विधानमंडळाचे अधिवेशन सुरू होण्यापूर्वी आपल्या मागण्यांचा लेखी जाहीरनामाच संमत करतात. कोणत्या विधेयकाला पाठिंबा द्यावयाचा, कोणत्याला विरोध करावयाचा आणि कोणता नवा कायदा मागावयाचा, हे त्यात नमूद असते. मग त्यांचे प्रतिनिधी वर्षभर त्याच आधारावर बोलतात.

भारतात अशी वार्षिक प्रथा रूढ झालेली नाही. सर्वसाधारण सभा वेळोवेळी ठराव करते व ते शासनाकडे पाठविते. असे ठराव प्रसंगापुरते, सुटे सुटे असतात आणि त्यांच्या पाठपुराव्याला निश्चित वेळापत्रक नसते. अंदाजपत्रक जसे ठरलेल्या तारखेला मांडावे लागते, तसे शासनाकडील मागण्यांचे पत्रकही विधानसभेच्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी मांडले गेले, तर नगराची बाजू एकत्रितपणे समोर येईल.

हा विचार केवळ शास्त्रीय नाही. २०१६ मध्ये रायपूरची निवड स्मार्ट सिटी योजनेसाठी झाली. या योजनेची कामे स्वतंत्र कंपनीच्या संचालक मंडळाकडून ठरत होती. बूढा तालाबच्या सुशोभनासारखी कामे याच मार्गाने झाली. योजनेची मुदत मार्च २०२५ मध्ये संपली. परंतु निवडून आलेल्या सभेबाहेर शहराचे अग्रक्रम ठरावेत काय, हा प्रश्न त्या काळात उच्च न्यायालयातील जनहित याचिकेपर्यंत पोहोचला होता. तळ्याकाठचे कारंजे आणि गल्लीतील नळ यांपैकी आधी काय, असा हा प्रश्न ढोबळपणे मांडता येईल. कारंज्याला विरोध असण्याचे कारण नाही. निवड उघडपणे, दोन्ही पर्याय समोर ठेवून झाली की नाही, हा खरा मुद्दा आहे.

७. न दिसणारे काम

नळाचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. २०२० च्या उन्हाळ्यात रायपूरच्या काही वस्त्यांत काविळीची साथ पसरली. दूषित पाण्यातून हा रोग पसरतो. नाल्यांतून व गटारांतून गेलेल्या जुन्या जलवाहिन्या हे त्या वेळी चिंतेचे मुख्य कारण ठरले आणि त्या हलविण्याचे काम तातडीने हाती घ्यावे लागले. अशा वाहिन्या एका वर्षात गंजत नाहीत. त्या बदलण्याचे काम वर्षानुवर्षे पुढे ढकलले जाते, कारण जमिनीखालील नळ कोणाला दिसत नाही, त्याचे उद्घाटन होत नाही आणि तो फुटेपर्यंत त्याच्याविषयी तक्रारही येत नाही.

केवळ तक्रारींच्या संख्येवर अग्रक्रम ठरविण्याचा धोका येथे दिसून येतो. तक्रार ही झालेल्या त्रासाची सूचना असते. येणाऱ्या संकटाची सूचना नोंदींतून मिळते. कोणता नळ किती जुना आहे, कोठे तो गटाराला ओलांडतो, कोणत्या भागातील पाण्याचे नमुने पुन्हा पुन्हा दूषित ठरतात, यांची नोंद अंदाजपत्रकाच्या चर्चेपूर्वी सभासदांच्या हाती असली पाहिजे. तळ्यांनाही हेच लागू आहे. रायपूरमधील रजबंधा मैदानाच्या नावात एका तळ्याची आठवण उरली आहे. तळे मात्र उरलेले नाही. दरवर्षी दुसरे एखादे काम अधिक निकडीचे ठरत गेले, की न मागणाऱ्या गोष्टी अशाच एकेक करून नाहीशा होतात.

८. नागरिकांचा वाटा

निर्णयप्रक्रियेत नागरिकांना आधीपासून स्थान देण्याचे प्रयोग इतरत्र झाले आहेत. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहरात १९८९ पासून वस्तीसभांतून अंदाजपत्रकातील कामे सुचविण्याची पद्धत सुरू झाली. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातील कामांच्या सूचना अर्जाद्वारे मागविण्यास प्रारंभ केला. या प्रयोगाची मर्यादाही लक्षात घ्यावी. सूचना येतात त्या बहुधा पदपथ, बाके, दिवे अशा डोळ्यांसमोरच्या कामांच्या असतात, आणि अर्ज भरणारा वर्ग सर्व वस्त्यांत सारखा नसतो. तरीसुद्धा अंदाजपत्रक मार्चमध्ये ऐकावयाची बातमी नसून काही महिने आधी भाग घ्यावयाची गोष्ट आहे, ही जाणीव त्यातून निर्माण होते.

तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद राज्यघटनेनेच केली आहे. पुरानी बस्तीसारख्या भागात अशा समितीचे काम कोणते असावे? पावसाळ्यात पाणी शिरले त्याच आठवड्यात नोंद करून घ्यावी; दिवाळीनंतर ती अभियंत्याच्या अंदाजाशी ताडून पाहावी; मागण्यांची यादी करताना पहिले काम कोणते आणि या वर्षी कोणते सोडून द्यावयाचे, हे दोन्ही लिहावे; आणि मार्चनंतर काय संमत झाले व पुढील मार्चपर्यंत काय झाले, याचा हिशेब मांडावा. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. शेजारच्या गल्लीचे गटार आपल्या गल्लीच्या रस्त्याहून अधिक निकडीचे आहे, हे मान्य करण्यासाठी ओळखीपाळखीच्या माणसांपुढे बोलावे लागते.

पुरानी बस्तीला लागूनच लाखेनगर आहे. ज्यांच्या नावावरून ते ओळखले जाते ते वामनराव लाखे हे रायपूरचे मराठी भाषक सार्वजनिक कार्यकर्ते होते. माधवराव सप्रे यांच्या ‘छत्तीसगढ मित्र’ या १९०० साली निघालेल्या हिंदी मासिकाशी ते संबद्ध होते आणि रायपूर येथील सहकारी बँकेच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता. आपल्या गावाचे प्रश्न आपण हिशेबाने आणि एकत्र येऊन सोडवावेत, ही त्या पिढीची निष्ठा होती.

परगण्याच्या काळी कोणत्या गावावर काय खर्च व्हावा हे नागपूरच्या फडावर ठरे. आज ते ठरविण्याचा काही अधिकार शहराच्या सभेकडे आला आहे. तो मर्यादित आहे, बंधनांनी वेढलेला आहे, परंतु आहे. शंभरातील ते पंधरा रुपये कोणत्या कामाला जातात, यावर एखाद्या गल्लीतील मुलांना स्वच्छ पाणी मिळणे वा न मिळणे अवलंबून असते. म्हणून अंदाजपत्रक वाचता येणे आणि ते मांडले जाण्यापूर्वी त्याविषयी बोलता येणे, हे नागरिकत्वाचे साधे पण आवश्यक शिक्षण समजले पाहिजे.